प्राचीन जगाचा इतिहास सहावी ते आठवीच्या वर्गात कसा शिकवावा

प्राचीन जगाचा इतिहास शिकवू पाहणाऱ्या शिक्षकाला आशय कधीच कमी पडत नाही; अडचण असते ती त्याच्या पसाऱ्याची. मेसोपोटेमियातील पहिल्या नगरांपासून पश्चिम रोमन साम्राज्याच्या अस्तापर्यंत, म्हणजे इ.स.पू. ३५०० च्या सुमारापासून इ.स. ४७६ पर्यंत, जवळजवळ चार हजार वर्षे एका वर्षाच्या तासिकांत बसवायची असतात. या घाईत प्रत्येक संस्कृतीला एकच साचा लावला जातो: नदी कोणती, राजे कोणते, देव कोणते, वास्तू कोणत्या आणि ऱ्हास कशामुळे. हा तक्ता वहीत नीटनेटका दिसतो आणि परीक्षेलाही सोयीचा पडतो. परंतु सहा संस्कृतींचे सहा तक्ते एकाखाली एक लिहून झाले की बारा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात युफ्रेटिस इजिप्तमध्ये वाहू लागते आणि पिरॅमिड बॅबिलोनमध्ये उभे राहतात.

या गोंधळावर अधिक पाठांतर हा उपाय नाही. अकरा ते चौदा या वयात मूल ‘कशावरून?’ असे विचारू लागलेले असते, आणि प्राचीन इतिहास हा त्या प्रश्नावरच उभा असलेला विषय आहे. म्हणून वर्षभरातील प्रत्येक पाठाच्या मुळाशी ‘हे आपल्याला कसे कळले?’ हा एकच प्रश्न ठेवावा आणि राजे, नद्या व सनावळ्या त्याच्या आधाराने वर्गात आणाव्यात. पुढील सर्व सूचना या एका निर्णयातून निघालेल्या आहेत.

आधी निवड करावी

वर्षाच्या आरंभी पाच किंवा सहा मुक्काम ठरवावेत आणि प्रत्येकाला आठ ते दहा तासिका द्याव्यात. उरलेल्या विषयांना एकेक तासिका पुरे आहे. मुक्काम निवडताना संस्कृती किती मोठी होती यापेक्षा, विद्यार्थ्यांना स्वतः तपासता येईल असा एखादा पुरावा तिच्यापाशी आहे का, हे पाहावे. मेसोपोटेमियासाठी मातीच्या पाट्या आहेत, इजिप्तसाठी पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेला कागद, आणि चुनखडीच्या कपच्या आहेत, सिंधू संस्कृतीसाठी मुद्रा आणि विटा आहेत, चीनच्या शांग राजवटीसाठी भविष्यकथनाची हाडे आहेत, अथेन्ससाठी खापराचे तुकडे आहेत आणि मौर्यकाळासाठी अशोकाचे लेख आहेत. या सर्व वस्तूंची छायाचित्रे आणि बहुतेकांची भाषांतरे संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. रोमची सामग्री इतकी विपुल आहे की त्याला शेवटी ठेवलेले बरे. तोपर्यंत वर्गाला पुरावा वाचण्याची सवय झालेली असते आणि त्याच तासिकांत दुप्पट मजल मारता येते.

काळाची लांबी डोळ्यांना दाखवावी

हजार वर्षे म्हणजे किती, हे शब्दांनी समजत नाही. वर्गाच्या भिंतीवर साडेपाच मीटर लांबीची कागदी पट्टी लावावी, एका मीटरला हजार वर्षे असे प्रमाण ठरवावे आणि इ.स.पू. ३५०० पासून आजपर्यंतचा काळ तिच्यावर आखावा. या प्रमाणात एका सेंटिमीटरमध्ये दहा वर्षे बसतात, म्हणजे विद्यार्थ्याचे स्वतःचे सारे आयुष्य बोटाच्या रुंदीइतकेही भरत नाही. ही पट्टी पहिल्याच दिवशी भरून टाकू नये. प्रत्येक पाठानंतर विद्यार्थ्यांनीच मोजपट्टीने अंतर मोजून नवीन नोंद करावी. गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६० च्या सुमाराचा आणि क्लिओपात्राचा मृत्यू इ.स.पू. ३० मधला, या दोन खुणा झाल्या की क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा आपल्याला सुमारे पावणेपाचशे वर्षांनी जवळची आहे, हे सांगावे लागत नाही, दिसते. प्राचीन इजिप्त हा एकच एक काळ होता ही समजूत एवढ्याने ढासळते.

इसवी सनापूर्वीची वर्षे पुढे जाताना कमी होत जातात, ही गोष्ट मोठ्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती मुलांना समजावून सांगायची राहूनच जाते. हम्मुराबी इ.स.पू. १७९२ मध्ये गादीवर आला आणि इ.स.पू. १७५० मध्ये मरण पावला, असे वाक्य फळ्यावर लिहून त्याने किती वर्षे राज्य केले ते विचारावे. तो आधी मेला आणि मग राजा झाला की काय, असा प्रश्न कोणीतरी काढतोच, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पट्टीवर बोट ठेवून द्यावे. त्याचबरोबर इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, हेही सांगून ठेवावे. त्यामुळे दोन्ही बाजूंची बेरीज करताना त्यातून एक वजा करावा लागतो. गणिताच्या शिक्षकांना हा तास आवडतो, आणि शक्य असल्यास तो त्यांच्याच हाती द्यावा.

‘सुमारे’ या शब्दाचीही फोड करावी. सलामिसची लढाई इ.स.पू. ४८० मध्ये झाली असे आपण ठामपणे म्हणतो आणि पिरॅमिडच्या सनापुढे मात्र ‘सुमारे’ लावतो, ते का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. पहिल्या बाबतीत सलग वर्षगणना करणाऱ्या लेखी नोंदी आहेत. दुसऱ्या बाबतीत राजांच्या याद्या, त्यांच्या राज्यकाळांचे आकडे आणि सेंद्रिय अवशेषांची कार्बन पद्धतीने केलेली मोजणी यांचा मेळ घालून काळ ठरवावा लागतो, आणि त्यात काही दशकांचा फरक पडू शकतो.

नकाशाला एक तासिका पुरते, मात्र ती नद्यांची नावे भरण्यात घालवू नये. नाईलचा पूर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येई आणि पेरणीच्या वेळेपर्यंत गाळ टाकून ओसरे. टायग्रिस आणि युफ्रेटिस यांना मात्र डोंगरातील बर्फ वितळून वसंत ऋतूत पूर येई, तेव्हा शेतात बार्लीचे पीक कापणीला आलेले असे. या एका फरकावरून मेसोपोटेमियात बांध आणि कालवे यांची एवढी यातायात का करावी लागली, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावे.

एका पाठाची सविस्तर आखणी

उर या नगराच्या उत्खननात मिळालेली, इ.स.पू. १७५० च्या सुमाराची, हातात सहज मावणारी मातीची एक पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेले ते पत्र आहे. मेसोपोटेमियाची सुरुवात सुमेर, अक्कड, बॅबिलोन अशा क्रमाने करण्याऐवजी या पाटीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तासिकेच्या सुरुवातीला काळ, स्थळ, नाव काहीही न सांगता पत्राचा आशय सोप्या मराठीत लिहून त्याच्या प्रती चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना द्याव्यात. आशय साधारण असा: चांगल्या प्रतीच्या तांब्याच्या लाद्या देईन असे तू कबूल केले होतेस, प्रत्यक्षात माझ्या माणसापुढे निकृष्ट माल ठेवलास आणि घ्यायचा तर घे, नाही तर चालता हो, असे त्याला सुनावलेस, पैसे परत मागायला पाठवलेल्या माझ्या माणसांना तू रिकाम्या हातांनी परत धाडलेस, तेही शत्रूच्या मुलखातून, यापुढे मी माझ्या आवारात एकेक लादी स्वतः पारखून घेईन आणि पसंत नसेल ती नाकारीन. हे वाचून झाल्यावर पत्र कोणी, कोणाला आणि कधीच्या काळी लिहिले असावे, असा अंदाज गटांना करू द्यावा. बहुतेक गट ते अलीकडचे समजतात. त्यानंतर पाटीचे छायाचित्र दाखवावे आणि काळ सांगावा. वर्गात जो काही हलकल्लोळ होईल तो दोन मिनिटे होऊ द्यावा.

खरे काम यानंतर सुरू होते. फळ्याचे तीन भाग करावेत: पाटी काय सांगते, तिच्यावरून काय अनुमान निघते आणि ती काय सांगत नाही. पहिल्या भागात तक्रार, लाद्या, निरोप्ये आणि पैसे येतील. दुसऱ्या भागासाठी प्रश्न थोडे पुढे न्यावे लागतात. दोन्ही नद्यांच्या गाळाच्या मैदानात तांब्याच्या खाणी नाहीत, मग तांबे कुठून येत असेल? ते आखाताच्या मार्गाने, दिलमुन या बंदरातून येई, म्हणजे आजच्या बहारीनच्या बाजूने; तेव्हा या दोघांच्या भांडणामागे समुद्रापारचा व्यापार उभा आहे. माल हाती पडण्याआधी पैसे दिले गेले होते, म्हणजे व्यापारात विश्वासावर व्यवहार चालत असला पाहिजे. तक्रार लेखी केली, म्हणजे लेखी शब्दाला वजन असले पाहिजे; मात्र नन्नीला स्वतःला लिहिता येत होते, की त्याने लेखनिकाकडून पत्र लिहवून घेतले, हे पाटीवरून ठरत नाही, आणि ती नोंद तिसऱ्या भागात जाते.

तिसरा भाग विद्यार्थी नेहमी रिकामा सोडतात. तिथे एआ-नासिरचे म्हणणे काय होते हा प्रश्न शिक्षकाने स्वतः टाकावा. त्याचे उत्तर आपल्यापाशी नाही; आपल्यापाशी फक्त फिर्यादीची बाजू आहे. ज्या घरात ही पाटी मिळाली ते त्याचेच असावे असे मानले जाते आणि तिथे अशा आणखी तक्रारी सापडल्या आहेत, ही माहिती अगदी शेवटी द्यावी आणि आता मत बदलते का, ते विचारावे. बदलत असेल तर किती, आणि त्याने या पाट्या फेकून न देता जपून का ठेवल्या असाव्यात? या शेवटच्या प्रश्नावर वर्ग एकमत होणार नाही, आणि करण्याचा प्रयत्नही करू नये. गृहपाठ म्हणून एआ-नासिरच्या बाजूने उत्तर लिहायला सांगावे, परंतु त्याखाली दोन ओळींत, यातला कोणता भाग पुराव्यावरून घेतला आणि कोणता स्वतः रचला, हे नोंदवण्याची अट घालावी. या अटीशिवाय दिलेला गृहपाठ मराठीच्या निबंधात जमा होतो.

हीच तीन भागांची पद्धत वर्षभर चालवावी. चौथ्या-पाचव्या वेळेला फळा आखण्याचे कामही विद्यार्थ्यांकडे सोपवता येते.

कायदा, पिरॅमिड आणि ठाम समजुती

हम्मुराबीच्या कायद्यांचा स्तंभ इ.स. १९०१–०२ मध्ये इराणमधील सुसा येथे सापडला. सव्वादोन मीटर उंचीच्या त्या काळ्या दगडावर सुमारे २८२ कलमे कोरलेली आहेत. ‘डोळ्याला डोळा’ एवढेच वाक्य सांगून पुढे जाणे सोपे असते. त्याऐवजी तीन कलमे शेजारी-शेजारी ठेवावीत. वरच्या वर्गातील पुरुषाने आपल्या बरोबरीच्या पुरुषाचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडावा. सामान्य माणसाचा फोडला तर एक मिना, म्हणजे साधारण अर्धा किलो चांदी द्यावी. गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम मालकाला द्यावी. समाजाची उतरंड या तीन ओळींत आहे, ती वेगळी शिकवावी लागत नाही. आठवीच्या वर्गात आणखी एक पायरी चढता येते. त्या काळातील खटल्यांच्या आणि करारांच्या पुष्कळ पाट्या उपलब्ध आहेत, पण त्यांत या कलमांचा आधार घेतल्याचे जवळजवळ आढळत नाही. मग हा स्तंभ न्यायाधीशांसाठी होता, की राजा किती न्यायी आहे हे प्रजेला आणि देवांना दाखवण्यासाठी? स्तंभाच्या माथ्यावर राजा न्यायदेवता शमशपुढे उभा आहे, ते शिल्प या चर्चेच्या वेळी समोर असावे.

पिरॅमिडच्या पाठात परग्रहवासीयांचा प्रश्न येणार, हे धरूनच चालावे. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाची वर्गात थट्टा झाली की ते गप्प बसते आणि समजूत तशीच राहते. ‘हे खरे असेल तर आपल्याला काय सापडायला हवे?’ असे विचारून तोच प्रश्न कामाला लावावा. माणसांनी पिरॅमिड बांधला असेल, तर त्यांच्या राहण्याच्या जागा, खाण्यापिण्याचे अवशेष, कबरी, हत्यारे आणि हिशेब सापडायला हवेत. आणि ते सापडले आहेत. गिझाजवळ कामगारांची वस्ती, भटारखाने आणि दफनभूमी मिळाली आहे. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये मिळालेल्या पपायरसांमध्ये मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. आपल्या माणसांसह तुरा येथील खाणींतून चुनखडीचे दगड नावेतून गिझाकडे कसे पोहोचवले, याच्या, मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या काळातील नोंदी तीत आहेत. पिरॅमिड गुलामांनी बांधला ही दुसरी रूढ समजूतही याच पुराव्यापुढे ठेवावी. दफनभूमीत राजाच्या पिरॅमिडजवळ सन्मानाने पुरलेले कामगार आहेत, त्यांना अन्नाचा नियमित पुरवठा होता आणि त्यांच्या मोडलेल्या हाडांवर उपचार झालेले दिसतात. तरीही हे काम स्वेच्छेचे होते असा निष्कर्ष लगेच काढू नये. राज्याने सक्तीने घेतलेली सेवा आणि गुलामगिरी यांतला फरक या वयाच्या मुलांना उदाहरणांनी कळतो.

इजिप्तच्या पाठाला हलकी सुरुवात हवी असेल तर देर अल-मदिना या कारागीर-वस्तीतील हजेरीपट आहे. दुसऱ्या रामसेसच्या राज्यकाळाच्या चाळिसाव्या वर्षी, चुनखडीच्या एका कपच्यावर सुमारे ४० कामगारांच्या गैरहजेरीची कारणे लिहून ठेवली आहेत: आजारपण, विंचूदंश, बिअर बनवणे, नातलगाचे अंत्यविधी. कोणते कारण आपल्या शाळेच्या हजेरीपटात चालेल, हे विचारले की वर्ग जागा होतो.

जिथे लिपी वाचता येत नाही

सिंधू संस्कृतीचा पाठ या पद्धतीची कसोटी पाहतो. इ.स.पू. २६०० ते १९०० या तिच्या भरभराटीच्या काळातील हजारो लेख मुद्रांवर आणि भांड्यांवर आहेत, पण ते अद्याप सर्वमान्य रीतीने वाचले गेलेले नाहीत. इजिप्तची चित्रलिपी वाचता आली, कारण १७९९ मध्ये रोझेटा येथे सापडलेल्या शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांमध्ये होता आणि त्यातील ग्रीक भाग विद्वानांना येत होता. शांपोलियों या फ्रेंच विद्वानाने १८२२ मध्ये ते कोडे सोडवले. सिंधू लिपीसाठी अशी शिळा नाही आणि लेखही अतिशय त्रोटक आहेत. ही तुलना आधी करावी, म्हणजे न वाचल्याचा दोष विद्वानांच्या आळसावर जात नाही.

मग विचारावे, की एकही शब्द न वाचता आपण काय-काय सांगू शकतो? विटांच्या उंची, रुंदी आणि लांबीचे १:२:४ हे प्रमाण दूरदूरच्या नगरांत सारखे आढळते. वजने ठरावीक श्रेणीतील आहेत. घरांतील सांडपाणी झाकलेल्या गटारांत जाते. यावरून काही समान नियम होते इतके खात्रीने म्हणता येते. ते नियम राजाने घातले, व्यापाऱ्यांनी, की पुरोहितांनी, हे म्हणता येत नाही. मोहेंजोदडो येथील दाढीवाल्या पुतळ्याला पाठ्यपुस्तके ‘पुरोहित राजा’ म्हणतात. विद्यार्थ्यांना पुतळ्याचे चित्र नावाशिवाय द्यावे आणि त्यात पौरोहित्य किंवा राजेपण नेमके कुठे दिसते ते दाखवायला सांगावे. ‘माहीत नाही’ हे उत्तर कारणासह लिहिले असेल तर त्याला पूर्ण गुण द्यावेत, आणि हे आधीच जाहीर करावे.

खापरांची निवडणूक

अथेन्सच्या लोकशाहीची व्याख्या सांगून पाठ सुरू केला तर तो नागरिकशास्त्राचा होऊन जातो. अथेन्सचे नागरिक एखादा नेता डोईजड झाला असे वाटल्यास त्याचे नाव खापरावर कोरून मत देत. एकूण सहा हजार मते पडणे आवश्यक मानले जाई आणि ज्याच्यावर कौल जाई त्याला दहा वर्षे नगराबाहेर राहावे लागे. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या नेत्याचे नाव कोरलेली सुमारे १९० खापरे एकत्र मिळाली, आणि अक्षर तपासल्यावर ती अवघ्या १४-१५ हातांनी लिहिलेली असल्याचे दिसून आले.

हा शोध विद्यार्थ्यांना सांगू नये, त्यांच्याकडून लावून घ्यावा. शिक्षकांच्या खोलीत तीन-चार सहकाऱ्यांकडून तीस कागदी तुकड्यांवर एकच नाव लिहवून घ्यावे, ते तुकडे मिसळून प्रत्येक गटाला त्यांची छायाप्रत द्यावी आणि कितीजणांनी मते दिली असा प्रश्न विचारावा. पहिले उत्तर तीस असेच येते. कोणीतरी एका अक्षराच्या वळणाकडे बोट दाखवतो, आणि मग पुढची पंधरा मिनिटे शिक्षकाला बोलावे लागत नाही. तुकडे आधीच लिहून वाटण्यासाठी ठेवले होते का? लिहिता न येणाऱ्या मतदारांची ती सोय होती, की विरोधकांची संघटित खेळी? दोन्ही अर्थ संभवतात. त्यानंतर या मतदानात कोण नव्हते, ती यादी फळ्यावर यावी: स्त्रिया, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या अथेन्समध्ये राहूनही नागरिकत्व नसलेले परके. वर्गाची त्याच प्रमाणात विभागणी करून मतदान घेण्याचा मोह काहींना होतो; त्यापेक्षा वगळलेल्यांची संख्या नागरिकांहून कितीतरी मोठी होती, एवढे सांगून थांबलेले बरे.

एकाच काळातील दुसरीकडचे जग

संस्कृती एकेक करून शिकवल्याने त्या एकामागून एक होऊन गेल्या, असा समज होतो. म्हणून दर दोन मुक्कामांनंतर एक तासिका भिंतीवरच्या पट्टीचा उभा छेद घेण्यासाठी ठेवावी. इ.स.पू. ५०० च्या आसपासचा छेद सर्वांत भरघोस ठरतो: इराणमध्ये पहिला दारियस राज्य करीत आहे, चीनमध्ये कन्फ्यूशियस हयात आहे, अथेन्समध्ये क्लाइस्थेनीसच्या लोकशाहीकडे नेणाऱ्या सुधारणा नुकत्याच झालेल्या आहेत आणि रोमने, परंपरेनुसार, राजा हाकलून प्रजासत्ताक स्थापले आहे. इ.स.पू. २५०० च्या छेदात गिझा, मोहेंजोदडो आणि उर यांच्याबरोबर पेरूमधील काराल हे नगर ठेवावे. तिथे मोठे पिरॅमिडसदृश चौथरे आहेत, परंतु मातीची भांडी नाहीत. पाठ्यपुस्तकातील ‘नागर संस्कृतीची लक्षणे’ ही यादी तिथे कितपत लागू पडते, हे विद्यार्थ्यांनी ठरवावे. आफ्रिकेचा विषय इजिप्तवर संपवू नये. इजिप्तच्या दक्षिणेकडील कुशच्या राजांनी इ.स.पू. आठव्या शतकात इजिप्त जिंकून तिथे राज्य केले, ही गोष्ट नकाशाची दिशाच उलटी करते.

संबंध दाखवणारा पुरावा मिळेल तिथे त्यावर वेळ खर्च करावा. उरच्या राजघराण्याच्या दफनभूमीत सिंधू खोऱ्याशी नाते सांगणारे कार्नेलियन या लाल खड्याचे लांबट मणी मिळाले आहेत. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावे आहेत: अंतियोक, तुरमय, अंतिकिनी, ‘मग’ (म्हणजे मॅगस) आणि अलिकसुंदर. यांतील बहुतेकांच्या राज्यकाळांच्या नोंदी ग्रीक जगात स्वतंत्रपणे उपलब्ध असल्यामुळे त्यांच्या आधारे अशोकाचा काळ पक्का करता येतो. पाच राजांचे राज्यकाळ पट्टीवर आखून ते सर्व एकाच वेळी हयात असलेली वर्षे शोधण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे. सनावळीचा कंटाळा असलेली मुलेही ते चिकाटीने करतात. कंदाहार येथे १९५८ मध्ये मिळालेला अशोकाचा लेख ग्रीक आणि अरमाइक भाषांत आहे, तोही याच तासिकेत दाखवावा.

जे सांगणे जड जाते

गुलामगिरी, नरबळी आणि कत्तली या विषयांना बगल देऊ नये, तसेच त्यांचे रंजक वर्णनही करू नये. शांग राजा वू डिंगची पत्नी फू हाओ हिची कबर १९७६ मध्ये आन्यांग येथे अभंग सापडली. तीत चारशेहून अधिक कांस्यवस्तू होत्या, शस्त्रे होती आणि तिच्याबरोबर पुरलेली माणसेही होती. ती सैन्य घेऊन लढायला जात असे, हे भविष्यकथनाच्या हाडांवरील लेखांवरून कळते; आणि तिच्या बाळंतपणाविषयीच्या एका लेखात ‘चांगले झाले नाही, मुलगी झाली’ अशी नोंद आहे. हे सर्व एकाच स्त्रीविषयीचे पुरावे असल्यामुळे ‘प्राचीन चीनमध्ये स्त्रियांचे स्थान’ अशा सरळसोट प्रश्नाचे सरळसोट उत्तर देता येत नाही, आणि मुलांनाही तसे ते देऊ नये. मृत माणसांविषयी बोलताना वर्गात हशा पिकला तर रागावण्याऐवजी त्यांचे वय, हाडांवरच्या खुणा, अशी माहिती शांतपणे सांगावी. मालक आणि गुलाम यांची नाटके मात्र वर्गात कधीही करू नयेत; त्यातून समज वाढत नाही, एखाद्या मुलाचा अपमान मात्र होतो.

कोणाची संस्कृती सर्वांत जुनी, ही चढाओढ वर्गात शिरली की पुरावा मागे पडतो. अशा वेळी ‘जुनी’ म्हणजे पहिली शेती, पहिले नगर की पहिली लिपी, हे आधी ठरवून घ्यायला सांगावे. प्रत्येक कसोटीला उत्तर वेगळे येते.

गुण कशाला द्यावेत

पंधरा ते वीस सन आणि तितकीच ठिकाणे पाठ करून घ्यावीत, यात काहीही कमीपणा नाही; खुणाच नसतील तर विचार कशावर टेकणार? परंतु परीक्षेतील निम्मे गुण तरी वर्गात न पाहिलेल्या पुराव्याला ठेवावेत. उदाहरणार्थ, पाँपेई या रोमन नगराच्या पाठात, ते गाडून टाकणाऱ्या इ.स. ७९ मधील ज्वालामुखीच्या उद्रेकाची रूढ तारीख २४ ऑगस्ट अशी सांगितलेली असेल, तर प्रश्नपत्रिकेत २०१८ मध्ये भिंतीवर मिळालेल्या कोळशाच्या लेखाची माहिती द्यावी. त्यावरील तारीख १७ ऑक्टोबरशी जुळते. आधीची तारीख कशावरून आली होती, म्हणजे धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या, पुढील शतकांत हाताने उतरवलेल्या प्रतींवरून, हेही सांगावे आणि दोहोंपैकी कोणता पुरावा अधिक भरवशाचा वाटतो ते कारणांसह लिहायला सांगावे. कोणतीही बाजू घेतली तरी गुण सारखे. गुण कापायचे ते कारण न देणाऱ्याचे आणि पुराव्यात नसलेले त्यात घालणाऱ्याचे. लेखन कच्चे असलेल्या विद्यार्थ्यांना हेच उत्तर तोंडी देऊ द्यावे.

वर्षाच्या शेवटी तासिका कमी पडू लागल्या, तर एखादा पूर्ण मुक्काम गाळावा. सगळेच मुक्काम पातळ करू नयेत. सर्वांत आधी राजवंशांच्या याद्या आणि लढायांचे तपशील काढून टाकावेत, त्यानंतर ग्रीक व रोमन देवतांच्या जोड्या, ज्या विद्यार्थी एरवीही स्वतःहून वाचतात. काळाच्या पट्टीच्या उभ्या छेदाची तासिका मात्र शेवटपर्यंत राखून ठेवावी, आणि गाळलेल्या मुक्कामाची एक खूण तरी त्या तासिकेत पट्टीवर करून घ्यावी.